बुकरातची शपथ

हकीम सिराजला लोक हल्ली बोगस म्हणतात, म्हणून हे सांगते. आणि रागानंच सांगते.

खोपोलीत माझ्या भिंतीला भिंत लावून त्याचा युनानी दवाखाना. युनानी म्हणजे ग्रीकांची वैद्यकी. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, पोरांकडून ग्रीस घोकून घेतला, आणि ग्रीस शेजारीच काढे उकळत बसलाय याचा मला पत्ताच नाही! त्याच्याकडे बुकरातची शपथ टांगलेली होती. बुकरात म्हणजे आपल्या पुस्तकातला हिप्पोक्रेटिस. ग्रीकांकडून अरबांकडे, तिथून फिरत फिरत आमच्या गल्लीत.

"बाई, आमची विद्या थेट युनानची," सिराज म्हणायचा.

"डोंबलाचं युनान! तुझे आजोबा खालापूरचे," मी म्हणायची. तो खो खो हसायचा.

साजगावचा तौकीर त्याचा शिष्य. नाडीला हात लावू देण्याआधी सिराजनं त्याच्याकडून ती शपथ म्हणवून घेतली. ज्यानं विद्या दिली त्याला बाप मानीन, त्याचं अडलं तर धावून जाईन, हे तिच्यात सुरुवातीलाच आहे. पुढे तौकीर शिकून रीतसर डॉक्टर झाला आणि चौक गावात हायवेलगत त्यानं दवाखाना थाटला.

यंदा तपासणीवाले आले. सिराजकडे डिग्री नाही. डिग्रीवाला डॉक्टर बसवा, नाहीतर कुलूप लावा, म्हणाले. कायदाच तो, त्यांचं काय चुकलं? सिराज मात्र निर्धास्त. "आपला तौकीर हाय ना!"

तौकीर फोन उचलेना. शेवटी मीच सिराजला रिक्षात घातलं आणि चौकला नेलं.

दवाखाना चकाचक. भिंतीवर सोनेरी चौकटीत तीच शपथ, मराठीत. रुग्णाचं भलं करीन, त्याचं गुपित राखीन, सगळं होतं. गुरूचं तेवढं गाळलेलं. सिराजनं ते पाहिलं नाही. तो दाराकडे बघत होता.

तौकीर बाहेर आला. सिराज हात पसरून उठला.

"बाबा, नंबर लावा," तौकीर परक्यासारखा म्हणाला आणि वळला. भरल्या दवाखान्यात! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चल ऊठ, सिराज."

"थांबा बाई. लोकांसमोर लाजला असंल. आत बोलंल."

नंबर आला. सिराजनं सगळं सांगितलं. तौकीर मान खाली घालून म्हणाला, "तुमच्याकडे शिकलो हे कुणाला सांगू नका, चाचा. माझं नाव खराब होईल. मला यात ओढू नका. प्रेशर बघून देऊ?"

सिराजनं हात पुढे केला. सवयीनं तौकीरची चार बोटं नाडीवर टेकली, अगदी सिराज टेकवायचा तशी. तेवढ्यात नर्स आत आली. त्यानं झटकन बोटं उचलली आणि दंडाला पट्टा गुंडाळला.

परतताना सिराज आपल्या मनगटाकडे बघत होता.

"बोटं बरोबर ठेवली त्यानं, बाई," म्हणाला. "काय बी इसरला नाय. समदं ठाव असून फसवलं मला." आणि रिक्षातच ढसाढसा रडला.

घरी येऊन त्यानं आपल्या हातानं कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडे दिली.