उजव्या दंडावरचा चौकोनी हिरा

नबातने शहाला आयुष्यात एकदाही पाहिलं नव्हतं, पण त्याच्या दाढीचा केस न् केस तिला पाठ होता. ती तेहरानच्या चिताऱ्यांच्या आळीत वाढली. नवव्या वर्षी तिच्या हाती मांजराच्या केसांचा कुंचला आला आणि बाप म्हणाला, "दाढी कमरेपर्यंत, काळी कुळकुळीत. शहा म्हातारा झाला तरी तसबिरीतला पंचविशीचाच."

दाढीनंतर दागिने आले, मग जरीचा अंगरखा. बापाचे, उस्ताद लुत्फुल्लांचे, डोळे गेले तेव्हा चेहराही तिच्याकडे आला. त्याला तीन वर्षं झाली होती. आळीत कुणाला पत्ता नव्हता. लागला असता तर दरबारचं काम त्याच दिवशी बंद झालं असतं.

आज यझ्दच्या सुभेदाराकडे जाणारी तसबीर माणसाहून उंच होती. एवढी मोठी तिने कधीच केली नव्हती. पहाटेपासून तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. गल्लीत ढोल वाजू लागले आणि दरबारी कारभारी हैदरकुली खान धापा टाकत आत आला.

"आटपलं का उस्ताद? वेशीवर खेचरं ताटकळलीत माझी!"

"या खानसाहेब. शहा तयार आहेत."

पडदा सरकला तशा सगळ्यांच्या माना खाली गेल्या. तसबीर म्हणजे शहाच; पारखणाऱ्या खानाशिवाय कुणाला वर बघायची सोय नव्हती. उस्तादांनी रिवाजाप्रमाणे पुढे होऊन रंगवलेल्या उजव्या दंडाला कपाळ टेकवलं. खडू आणि सरसाच्या लेपाने उठवलेल्या दागिन्यांवरून त्यांची बोटं फिरली आणि थबकली.

"पोरी," ते कुजबुजले, "चौकोनी हिरा कुठंय?"

नबातने चोरून वर पाहिलं. शहाच्या उजव्या दंडावर चौकोनी, डाव्या दंडावर लांबट. दोन्ही दंडांची नक्षी उतरवायचा, भोकं टोचलेला कागद एकच. तिने उत्साहाच्या भरात तो पालथा ठेवून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी फिरवली होती!

"बदलले गेले, बाबा."

यझ्दचा सुभेदार दरबारात वाढलेला. त्याच्या नजरेतून हे सुटणं शक्य नव्हतं.

उस्ताद सरळ उभे राहिले. "खानसाहेब, दुपारच्या नमाजापर्यंत थांबावं लागेल."

"खुळावलात का? मी पाहिली ना, झकास झालीय!"

"तुम्ही डोळ्यांनी पाहिलीत, मी बोटांनी. मला दिसत नाही, खानसाहेब. तीन वर्षं झाली. हे सगळं हिच्या हातचं आहे."

खान आधी लाल झाला, मग पांढरा. "म्हणजे तीन वर्षं मी ज्या तसबिरी पारखून घेतल्या..."

"त्या हिच्याच. एकदाही खोट काढली नाहीत तुम्ही."

"हळू बोला हो! ढोलवाले ऐकतायत!" खानाने दार लोटून घेतलं आणि नबातकडे बघत कपाळ पुसलं. "नमाजापर्यंत. पळभरही जास्त नाही."

नबातने सुरी उचलली. दोन्ही दंडांवरचा लेप खरवडला, नवा चढवला, शेगडी जवळ ओढली, फुंकरा मारल्या. बापाने हाताने चाचपत वर्खाचं पान धरलं. चौकोनी हिऱ्याचा शेवटचा कोपरा बसला तेव्हा अजान सुरूच होती.

नमाज उरकून भोई आत आले. खान दारात घुटमळला. "नवरोजच्या सणानंतर एक किरमाणला पाठवायचीय," तो तसबिरीकडे बघतच म्हणाला. "उस्तादांची तब्येत बरी नसते म्हणे. तेव्हा माप तूच घे. आणि कागद नीट बघून ठेव, बये!"

ती धावतच गच्चीवर गेली. ढोल पुन्हा सुरू झाले होते. खालून शहा चालला होता, भोयांच्या खांद्यांवर ताठ उभा. नान भाजणारे, मोची, भिश्ती, अख्खी गल्ली वाकत गेली.

एकट्या नबातची मान ताठ होती. उजव्या दंडावरचा चौकोन अजून ओलसर होता, उन्हात बाकीच्या सगळ्या जवाहिरांहून जास्त चमकत होता. आळीचं वळण येईपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली. ओल्या लेपाला ओघळ आला नाही.