फुकटवाली वकीलबाई

तुरुंगातले लोक तिला फुकटवाली म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तीही ओ देई. पगार सरकारचा, अशील मात्र असे की ज्यांच्या खिशात नुसता वारा. खालच्या कोर्टात शिक्षा लागली आणि अपिलाला वकील परवडेना, की माणूस तिच्या पदरात.

वायरमन भावाला सात वर्षांची शिक्षा लागली, तेव्हा हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या त्याच्या ताईच्या वाट्याला हीच बाई आली. "फुकटचा वकील म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर," शेजारीण म्हणाली होती, "तारखा तेवढ्या दाखवतो." त्या दिवशी ताई भेटीला आली ती मनाशी ठरवूनच: बाईंना हात जोडून नको म्हणायचं आणि मालकाच्या ओळखीतला वकील धरायचा.

भेटीच्या खोलीतलं टेबल जमिनीला बोल्ट मारून बसवलेलं. जाळीतून पडणारं ऊन फरशीवर चौकोन-चौकोन होऊन पडलं होतं. आत आल्यावर उन्हालाही कोठडीच मिळाली होती. साठीला टेकलेली बाई दुखरा गुडघा चोळत होती. कोटाच्या कोपराला ठिगळ.

"ये रे," ती भावाला म्हणाली, "या खुर्चीत बस. आज तू न्यायाधीश."

"मी?"

"मग काय मी? मी बोलते, तू ऐक. पटलं नाही तर तिथल्या तिथं सांग. भिडेला पडलास तर बघ."

ही तिची रीतच. ज्याची मान अडकलीय त्याच्यासमोर ती अपील आधी चालवून बघे. तरुण वकील हसत. ती हसू देई.

बाई उभी राहिली आणि तिचा आवाजच पालटला. दुकान फुटलं, रखवालदाराच्या डोक्यात गज बसला. मागच्या दाराशी मारणारा हाच, असं रखवालदार कोर्टात म्हणाला. पुरावा तेवढाच. पण गल्लीत काळोख असताना चेहरा दिसला कसा? ताईच्या डोळ्यांपुढे ती गल्ली उभी राहिली, डांबरासारखी काळी. बाई बोलते मात्र झकास, तिला वाटलं.

भाऊ मान खाली घालून बसला होता.

"पटलं नाही," तो म्हणाला.

"काय पटलं नाही?"

"दिवा होता तिथं. दारावरच. मीच बसवलेला. त्या दुकानाचं सगळं वायरिंग माझं."

ताईने कपाळावर हात मारला. "अरे मुडद्या, तुझ्याच बाजूने बोलतायत त्या! तोंडात मूग धरायला काय झालं होतं?"

"ताई, आत्ता न्यायाधीश कोण आहे?"

बाई खळखळून हसली. मग हसू ओसरलं आणि ती मटकन खाली बसली. सगळं अपील त्या काळोखावर उभं होतं. बराच वेळ ती ठिगळावरून बोट फिरवत राहिली.

"आणि रखवालदार? तू काम करत होतास तेव्हा?"

"तिथंच की. रोज दुपारी डबा एकत्र खायचो."

"हे त्यानंच कोर्टात सांगितलंय. तुला मागचं दार ठाऊक होतं हे दाखवायला." बाई सावकाश बोलत होती. "पण पोलिसांना पहिल्या दिवशी तो काय म्हणाला? अनोळखी माणसानं मारलं. वर लख्ख दिवा, समोर रोजचा डब्याचा सोबती, आणि अनोळखी?"

हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता. खालच्या कोर्टातल्या वकिलाला खटला मिळाला होता तो सुनावणीच्याच सकाळी.

ताईचं हात जोडायचं राहूनच गेलं.

वरच्या कोर्टात सरकारी वकील दिव्याची जय्यत तयारी करून आला होता. बाई उठली. "दिवा होता, साहेब. चांगला लख्ख होता. मला मान्य आहे." उघडं असलेलंच दार जोर लावून ढकलावं तसा सरकारी वकील झोकांडला. मग बाईने तिचा प्रश्न विचारला. आवाज न चढवता, एकदाच. न्यायाधीशांनी सरकारी वकिलाकडे पाहिलं. तो कागद चाळत राहिला.

शिक्षा रद्द झाली.

"बाई, तुमचे पांग कसे फेडू?" ताई पाया पडायला वाकली.

"मला पगार मिळतो हो," बाई म्हणाली. "याला आधी पोटभर जेवू घाला." आणि लंगडत जिना चढू लागली, वर दुसऱ्याची तारीख होती.

रस्ता ओलांडताना ताईने भावाचं मनगट घट्ट धरलं होतं.

"ताई, सोड ना. लोक बघतायत."

"बघू देत," ती म्हणाली, आणि पलीकडच्या फुटपाथवर गेल्यावरही तिने सोडलं नाही.