आपलीच माणसं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

ग्वाल्हेरच्या एका दवाखान्यात, मारहाण सोसून आलेल्या बायकांशी बोलायचं माझं काम. बाईला एकटीला बसवायचं, दार लावायचं, तिच्या भाषेत विचारायचं — हे मी नव्या मुलींना शिकवते. आणि शिकवताना एक गोष्ट हमखास सांगते. एका बाईंनी कशी चूक केली, ती. कोण त्या बाई? — ते मात्र सांगत नाही.

अश्विनी साताऱ्याहून लग्न होऊन इकडे आलेली. हिंदी जेमतेम. आली तेव्हा गळ्यावर बोटांचे वळ होते. सोबत सासू. मला बघताच सासूबाई खुलल्या. "अगं, तू गोरखीतल्या कुमुदची मुलगी ना?"

आईच्या भजनी मंडळातल्या त्या. त्यांना बाहेर बसा म्हणायचं? मंडळात काय बोलतील, आईला काय वाटेल — त्या गळ्याकडे बघत मी हा विचार करत होते! मी त्यांना खुर्ची दिली. चहासुद्धा मागवला.

"ताई, आपण दोघीच बोलू या का?" अश्विनीनं हळूच विचारलं. किती दिवसांनी तिला मराठी बोलणारं बाहेरचं माणूस भेटलं असेल? आणि मी काय म्हणाले — "संकोच कसला? आपलीच माणसं आहेत."

मग ती सासूकडे बघत म्हणाली, "जिन्यावरून पडले."

जिन्याला बोटं असतात का? मी तसंच लिहून घेतलं. सही केली.

सहा महिन्यांनी ती पुन्हा आली. कानातून रक्त येत होतं. त्या दिवशी माझी सहकारी शबाना होती. तिनं सासूला बाहेर बसवलं, दार लावलं, आणि अश्विनीनं नवऱ्याचं सगळं सांगितलं — मोडक्यातोडक्या हिंदीत. संध्याकाळी शबानानं मला विचारलं, "पहले किसने देखा था इसे?"

जुना कागद माझ्याच कपाटात होता.

"पता नहीं," मी म्हणाले.

अश्विनी आता त्या घरात नाही, वेगळी राहते. तिच्या डाव्या कानाला ऐकू येत नाही. माझ्यासमोर बसली होती, तेव्हा येत होतं.