मशीन बंदची खूण

आमचे भाऊजी, म्हणजे यांचे धाकटे भाऊ शालिग्राम, यांचं इथे सुरतेत नवागामला गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे एक शटर, पुढे पत्र्याची पडवी आणि आत सप्तशृंगी आईचा फोटो. फोटोच्या काचेवर ग्रीसच्या बोटांचे ठसे. मी गेले की पदराने पुसते, पुढच्या वेळी ठसे परत असतात. देवीला नमस्कार केल्याशिवाय ते गाडीला हात लावत नाहीत आणि नमस्कारही काच शिवूनच करतात, म्हणून मी बोलत नाही.

रोज पूजा झाली की मी वहीत आधी देवीचं नाव लिहिते, मग घरचं काय ते लिहिते. या चैत्रात मात्र बरेच दिवस नुसतं नावच लिहून वही मिटली. जे मनात होतं ते लिहायला हात धजत नव्हता. आता सगळ्यांना कळलं आहे, तेव्हा लिहिते.

भाऊजी अमळनेरकडून सुरतेला आले ते यांच्या मागोमाग. दोघे भाऊ उधन्याला एकाच लूम्सच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या मागांच्या कारखान्यात, लागले. तिथे शेजारी उभा असलेला माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही, इतका खडखडाट. त्यामुळे कारीगर ओठ बघून बोलतात, नाहीतर हातांच्या खुणा करतात. दोन बोटं फाकवली की तार, म्हणजे मागावरचा धागा, तुटली, अंगठा ओठाशी नेला की चहा. आणि पंजा वर करून मूठ मिटली की मशीन बंद. ही शेवटची खूण दिसली की का, कशाला, असं विचारायचं नाही. आधी मशीन बंद करायचं. कुणाचा हात सापडलेला असू शकतो. लग्नानंतर यांनी मला या खुणा हसत हसत शिकवल्या. दारात शेठ उभा असला की आम्ही भाड्याचं बोलणंसुद्धा खुणांनीच करायचो.

हे तिथेच राहिले आणि त्यांचे कान गेले. आमच्या घरात हे उघड आहे, त्यावर हसणंही होतं. फोन वाजला की चेतन म्हणतो, पप्पा, तुमचा फोन भिंत उचलतेय. भाऊजींना मात्र खात्यात करमलं नाही. त्यांनी लवकर सोडलं आणि एका मुसलमान मिस्त्रीच्या हाताखाली मोटारसायकलींचं काम शिकले. म्हणून आम्ही सगळे धरून चाललो होतो, की मोठ्याचे कान गेले, धाकट्याचे वाचले.

वाचले काय, त्यांच्या कानावरच तर गॅरेज चाललं. जुन्या स्पोर्ट्स गाड्या, कार्ब्युरेटरवाल्या, घेऊन पोरं कडोदऱ्याहून येत. पेचकसाला इकडे डिसमिस म्हणतात. तो डिसमिस कार्ब्युरेटरच्या स्क्रूला लावायचा, डोळे मिटायचे, मान वाकडी करायची आणि गाडीचं ऐकत ऐकत स्क्रू जरा इकडे, जरा तिकडे. मग मान सरळ झाली की सेटिंग झाली. पोरं आपसात म्हणत, काकांचा कान सोन्याचा आहे.

त्यांची स्वतःची एक पिवळी गाडी आहे, तीही कार्ब्युरेटरवाली. दर चैत्रात तिच्यावर माझ्या जावेला, सुंदराला, मागे बसवून ते गडावर जातात, देवीला साडी आणि नारळ घेऊन. सापुताऱ्याच्या घाटाच्या पायथ्याशी उतरून स्क्रू थोडा फिरवायचा, कारण वर हवा पातळ होते आणि गाडी अडखळते. परत येताना पुन्हा पहिल्यासारखा करायचा. हे त्यांचं व्रतातलंच काम होऊन बसलं होतं. दुसरंही एक काम त्यांचं ठरलेलं. घरी आले की ते चावी फिरवत नाहीत. गुडघ्याखाली पेट्रोलचा कॉक असतो, तो बंद करतात. कार्ब्युरेटरात उरलंसुरलं पेट्रोल असेपर्यंत गाडी चालू राहते, मग आपोआप थांबते. तोवर ते टाकीवर हात ठेवून उभे राहतात. आत पेट्रोल राहिलं की चिकटतं, असं सांगायचे. मला ते बरं वाटायचं. बैलाच्या पाठीवर हात ठेवावा तसं.

आमच्या चेतनने गेल्या वर्षी नवी गाडी घेतली, इंजेक्शनवाली, तिला कार्ब्युरेटरच नाही. तो एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आहे, तिथे गाडीला वायर लावतात आणि तिचं दुखणं पडद्यावर येतं. तेव्हापासून आमच्या ओट्यावर काका-पुतण्याचं रोजचं भांडण. चेतन म्हणायचा, थंडीत तुमची चोक ओढून ओढून उठते, माझी बटण दाबलं की तयार. घाटात मला उतरावं लागत नाही, हवा पातळ झाली की ती आपली आपण पेट्रोल कमी करते. भाऊजी म्हणायचे, हो, आणि पेट्रोल संपत आलं की रिझर्वला लावायला कॉक आहे का तुझ्या गाडीला? रस्त्यात बंद पडली की मी तारेच्या तुकड्याने जेट साफ करून घरी येईन, तू बसशील टेम्पोची वाट बघत. दोघांचंही खरं होतं, म्हणून भांडण संपत नव्हतं.

शेवटी भाऊजी एकच बोलायचे. "तुनी गाडी मुकी शे रे चेतन. बोलसच नही."

"बोलते काका. तुमच्याशी नाही, मोबाईलशी बोलते."

सगळे हसायचे. भाऊजी हसायचे ते जरा उशिरा, आमची तोंडं बघून. हे मला आता आठवतं. तेव्हा दिसलं होतं, पण कळलं नव्हतं.

फाल्गुनातली गोष्ट. चेतनने आग्रह करून त्यांना नव्या गाडीवर चक्कर मारायला लावली आणि स्वतः अंघोळीला गेला. भाऊजी डिंडोलीपर्यंत जाऊन आले. मी दारातच तुळशीपाशी होते. त्यांनी गाडी स्टँडवर लावली, त्यांचा डावा हात गुडघ्याखाली गेला, तिथे काही नव्हतं तरी बोटं फिरली, आणि ते उतरून आत येऊन बसले. गाडी चालूच. मी हसले. सवयीने कॉक बंद करायला गेले आणि आता गाडी आपोआप थांबेल म्हणून बसलेत. मागून म्हटलं, "भाऊजी, गाडी चालू राहिली." ते पेपर बघत होते. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा मोठ्याने म्हटलं. बाहेर गाडीचा पंखा घुं घुं करत होता, शेजारची शीतल खिडकीतून डोकावली, आणि ज्या माणसाचा कान सोन्याचा, तो चार हातांवर बसून पेपरचं पान उलटत होता.

मी समोर गेले. ओठ हलले तसं त्यांनी ऐकलं.

"हां, हां. मुद्दाम ठेवली. गरम झाली होती," ते म्हणाले आणि उठले. गाडीपाशी जाऊन आधी टाकीवर तळवा ठेवला. चेहरा कोराच. खाली वाकून मीटरचा काटा बघितला, मग चावी फिरवली. तळव्याला काही लागलंच नव्हतं. ती गाडी इतकी गुळगुळीत चालते, की हात ठेवला तरी चालू आहे की बंद, कळू नये.

मी आत येऊन चहा टाकला. साखर दोनदा टाकली असावी, कुणी प्यायलं नाही.

दुसऱ्या दिवशी काच पुसायचं निमित्त काढून गॅरेजला गेले. ते डिसमिस लावून बसले होते, मान वाकडी. पहिल्यांदाच जवळून बघितलं. डिसमिसची मूठ जबड्याच्या हाडाला टेकलेली होती. गाडीची थरथर दातांतून वर चढत होती आणि त्यावर ते सेटिंग करत होते. पोरांना वाटायचं, काकांची लकब आहे. मी समोर उभी राहिले आणि दोन बोटं फाकवली. तार तुटली.

त्यांनी रेस सोडली. बराच वेळ ग्रीस पुसत बसले.

"वैनी, चेतनले सांगू नको. दादालेबी नको. गिऱ्हाईक मना कानकडे येस. कान गया समजनं ते गॅरेज गयं."

देवीच्या फोटोकडे बोट दाखवून शपथ घ्यायला सांगितलं. मी शपथ घेतली नाही. पण सांगितलंही नाही कुणाला. नव्या गाड्या त्यांना का आवडत नाहीत, ते मला कळलं होतं. जुनी अंगाशी बोलते, तिला कान लागत नाही. नव्या गाड्यांपुढे ते नुसते बहिरे.

इथपर्यंतही मी गप्प राहिले असते. चैत्र जवळ आला आणि सुंदराला धुळ्याला जावं लागलं, लेकीच्या, योगिताच्या, बाळंतपणाला. ती गडावर येणार नव्हती. तेव्हा हे म्हणाले, मीच बसतो शालिग्रामच्या मागे, किती वर्षांत देवीचं दर्शन नाही. दोघे भाऊ खूश. मी सुंदराला फोन लावला आणि एकदम विचारलं, तुला माहीत आहे का?

तिकडे दार ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "ताई, उजवीकडून ट्रक आला की मी उजवा खांदा दाबते. डावीकडून आला की डावा. मागे भोंगा वाजला की पाठीत बुक्की."

"आणि मला बोलली नाहीस?"

"बोलून काय, तुम्ही गाडी बंद पाडली असती." मग हळूच म्हणाली, "पण आता दादा बसणार मागे. दादांना कुठे भोंगा ऐकू येतो? ते काय दाबणार?"

मला वर्षानुवर्षं वाटत होतं, काय प्रेमाने खांदे दाबते नवऱ्याचे. आम्ही जावा त्यावरून तिला चिडवायचो.

भाऊजींना मी दोनदा म्हटलं, बसने जा. त्यांनी ओठ बघितले आणि न कळल्यासारखं केलं. बहिऱ्याला ती एक सोय असते. यांना म्हटलं तर हे म्हणाले, शालिग्रामसारखा चालवणारा उभ्या सुरतेत नाही. कारण सांगावं तर भाऊजींच्या पोटावर पाय येतो. न सांगावं तर घाटाआधी वघईच्या रस्त्यावर मागून भोंगा वाजणार आणि दोघांपैकी एकालाही तो ऐकू येणार नाही. आईपुढे बसले की आरतीचे शब्दही विसरायला लागले. काय मागावं तेच कळेना. दिव्याकडे बघत बसायची, दिवा जळत असायचा, बस.

निघायच्या दिवशी उजाडताना दोघे तयार. यांच्या मांडीवर देवीची हिरवी साडी, नारळ, तेलाची बाटली. पिवळी गाडी फटफटत होती, आरसे थरथरत होते. चेतन त्याच्या गाडीवर मित्रांची वाट बघत थांबला होता. मी ताट घेऊन ओवाळलं, यांना कुंकू लावलं, भाऊजींना लावलं. भाऊजींनी गिअर टाकायला पाय उचलला.

ताट मी गाडीच्या टाकीवरच ठेवलं. पंजा वर केला आणि मूठ मिटली.

का ते त्यांनी विचारलं नाही. त्या खुणेला विचारायचं नसतं. पाय खाली टेकला. यांनी मागून, वाकून, माझी मूठ बघितली आणि घाबरून स्वतःचे हात बघितले, कुणाचं काय सापडलं म्हणून. भाऊजी माझ्याकडे बघत राहिले. मग डावा हात गुडघ्याखाली गेला आणि त्यांनी कॉक बंद केला.

गाडी चालूच होती. कार्ब्युरेटरात जे होतं ते जळायचं होतं.

"काका, चावी फिरवा ना," चेतन मागून म्हणाला. "काय झालं?"

भाऊजी हलले नाहीत. ताटाशेजारी त्यांचा तळवा टाकीवर होता.

"काका. ओ काका."

तिसऱ्या हाकेला चेतनचा आवाज बदलला. त्याने माझ्याकडे बघितलं. तो रोज दुखणी शोधायचंच काम करतो, त्याला सांगावं लागलं नाही. गाडी एकदा खोकली, ताटातली घंटी किणकिणली, आरसे स्थिर झाले. भाऊजींनी आणखी थोडा वेळ हात तसाच ठेवला आणि मग चावी काढून माझ्या ताटात टाकली, कुंकवात.

दोघे भाऊ एस.टी.ने गडावर गेले. साडी पोचली. प्रसाद आला तो यांच्या हातून; भाऊजी दारापर्यंत येऊन परत फिरले. माझ्याशी ते अजून बोलत नाहीत. पिवळी गाडी आमच्याच दारात उभी आहे, मी तुळशीला पाणी घालताना तिच्यावर उडालेले थेंब पुसते. चावी देवाजवळ आहे. गॅरेजचं शटर अर्धंच उघडतं, आणि ती कडोदऱ्याची पोरं बाहेर उभी राहून एकमेकांशी काहीतरी कुजबुजतात, असं शीतल सांगते.

काल चेतन गॅरेजला गेला होता. काय बोललात, विचारलं तर सांगेना. एवढंच म्हणाला की काकांनी पाठ फिरवली, तेव्हा तो वळसा घालून पुढे गेला, त्यांनी पुन्हा फिरवली, तो पुन्हा पुढे गेला. मग काका खालीच बघत राहिले. खाली बघणाऱ्याशी कसं बोलायचं, आई, असं त्याने मला विचारलं.

आज वहीत देवीचं नाव लिहिलं आणि खाली हे सगळं. आईने मला ती खूण करायला लावली की मीच केली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.