माळ्यावरच्या खोलीला कांदाचाळीचा न्याय

मंडळी, माळ्यावरच्या खोलीत आमची लेक अभ्यास करते. डिसेंबरात तिथे तिची बोटे गारठायची, म्हणून मी खालचा आणि वरचा असे दोन्ही झरोके थर्माकोल लावून चिकटपट्टीने बंद केले. उन्हाळ्यात ते तसेच बंद ठेवून आत कूलर ठेवला. तरी ती घामाने निथळायची. मी तिला तपश्चर्येचे माहात्म्य ऐकवले.

काल तिने बॅग भरली. "बाबा, उद्यापासून परीक्षेपर्यंत मी मैत्रिणीकडे राहते."

आज सकाळी निफाडचे मेहुणे आले. त्यांची कांद्याची शेती. ते वर गेले आणि दोन मिनिटांत घाम पुसत उतरले.

"दाजी, इथं कांदे ठेवले असते तर आठ दिवसांत सडले असते. तुम्ही तर पोरगी ठेवली!"

त्यांच्या कांदाचाळीत खालून वारा शिरतो आणि वरून निघतो. त्यांनी थर्माकोल उचकटला आणि खोलीतलीच दमट हवा फिरवणारा कूलर बाहेरची कोरडी हवा ओढेल असा खिडकीबाहेर बसवला.

"आणि थंडीत?" मी विचारले.

"झडप लावा. उन्हाळ्यात उघडेल अशी. एवढं शिकलात ना?"

दुपारचे चार वाजलेत. लेक वरच आहे, बॅग अजून दाराशी. म्हणाली, "उद्या दुपारपर्यंत बघते."

तुमच्याकडे थंडीत बंद केलेले काय काय अजून उघडायचे राहिले आहे?