सुनंदाताईंसाठी भांडलेल्या अनोळखी बायका

मैत्रिणींनो, आत्ताच घरी आलेय, पण मन अजून गोदाकाठीच आहे.

आमच्या कारखान्यातल्या सुनंदाताईंनी सुपरवायझर अंगचटीला येतो अशी तक्रार केली होती. घरचे म्हणत होते, "गप्प बस, नोकरी जाईल." आज कारखान्याच्या तक्रार समितीचा निकाल लागला. नोकरी गेली ती त्याची!

सुटल्यावर आम्ही दोघी, मदत करणाऱ्या वकीलबाईंसोबत पंचवटीत घाटावर बसलो. त्या म्हणाल्या, "आपल्याकडे कामाच्या ठिकाणी होणाऱ्या अशा छळाविरुद्ध कायदा नव्हता, तेव्हा कोर्टानं बायकांच्या हक्कांसाठी अनेक देशांनी केलेल्या, तिथल्या बायकांनी भांडून करायला लावलेल्या कराराचा आधार घेतला. त्यातून या समित्या आल्या."

ताईंनी पाण्याकडे बघत विचारलं, "म्हणजे कुठल्या कुठल्या देशातल्या बाया माझ्यासाठी भांडल्या? मला न बघताच?"

येताना रिक्षात मी त्या बायकांचे चेहरे डोळ्यांसमोर आणत होते. तुम्हाला कशा दिसतात त्या?