गेरूशिवायची फुलं

आमच्या पारोळ्याच्या घरात बायकांनी कापड धुवायचं, लाल रंग देणाऱ्या आलीच्या मुळ्यांत उकळायचं, वाळवायचं. फुलांचा लाकडी ठसा मात्र पुरुषांनीच मारायचा. माझ्या सासऱ्यांचा, आबांचा, माल मुंबईहून गलबतानं मस्कतला जाई. तिकडच्या बायका आबांची फुलं अंगावर घेऊन मिरवतात, या विचारानं माझे हात शिवशिवत. मला एकदा तरी ठसा मारायचा होता.

एका दुपारी आबा आडवे झाले. तुरटी आणि डिंकाच्या पाण्यात ते थोडा गेरू कालवत, ठसा कुठे पडला ते दिसावं म्हणून. खरा लाल रंग तुरटी लागली असेल तिथेच, तोही कढईत उकळल्यावरच चढे. मी गेरू घातलाच नाही. कुणाला दिसणार नाही, संध्याकाळी नदीवर धुऊन टाकू, असा माझा हुशारीचा बेत. ठशाची मूठ हातात मावत नव्हती, तरी वीसेक फुलं ठोकली. कापड कोरंच्या कोरं! मी खूश.

ते वाळलं न वाळलं तोच आबा उठले आणि नेमकं तेच कापड ओढून कामाला बसले. खरं सांगायची माझी छाती झाली नाही.

दोन दिवसांनी कापड कढईतून काढलं. आबांच्या सरळ ओळींमधून माझी फुलं लालभडक होऊन वर आली होती, काही कलंडलेली, काही अर्धीच. आबा ते उन्हात धरून बघत राहिले.

"हाऊ हात कोना शे?"

"मना, आबा."

"हाई मस्कतले जावाव नही," एवढंच म्हणून ते आत गेले. आता मला ठशाजवळ फिरकू देणार नाहीत, म्हणून मी चुलीपाशी बसून रडले.

छापायच्या पाटावर जुन्या कापडांची गादी असे. दुसऱ्या दिवशी बघते तर गादीवर सगळ्यांत वर माझं वाकड्या फुलांचं कापड अंथरलेलं. आबांनी त्यावर नवं कोरं कापड पसरलं आणि तोच ठसा माझ्यापुढे सरकवला.

"ठोक, पोरी. गेरू टाकेल शे."

मला इतका आनंद झाला की पहिला ठसा मी पुन्हा वाकडाच मारला. आबा हसले. मग माझ्या लक्षात आलं, मूठ हातात नीट बसली होती. आबांनी ती तासून बारीक केली होती. त्यांच्या रुंद पंजाला ती आता कधीच बसणार नव्हती.